पानाची खालची बाजू

१३ सप्टेंबर, शनिवार

गुरुनाथकाका आज पहाटे बाथरूममध्ये पडले. शोभनाकाकूंचा फोन आला तेव्हा मी मसाल्याच्या बरण्यांना लेबलं लावत होते. रात्री जेवणात उसळ खाल्ली, मग उलट्या, घाम, चक्कर. खुब्याचं हाड मोडलंय, पण ऑपरेशन करत नाहीत — नाडी अडतीसवर आहे. का, ते डॉक्टरांना कळत नाही.

आई म्हणाली, "प्रेशरची गोळी दोनदा घेतली असेल. विसरतात ते."

उसळीत आमचाच मसाला होता. गणपतीत काकूंनी पहिली बरणी हौसेने नेली होती.

१४ सप्टेंबर

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. काका डोळे मिटून पडलेले, ओठ पांढरे. काकू सांगत होत्या, "दोनदा विचारलं गं डॉक्टरांनी. हर्बल काही घेतलं का, काढा, चूर्ण? म्हटलं नाही हो, घरचं साधं जेवण."

मसाला त्यांच्या मनातही आला नाही. कोणाच्या येईल! माझ्या आला. तरी मी नुसता डबा देऊन परत आले. घरी श्रूजबरीपर्यंत गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

१५ सप्टेंबर

सकाळी लोरेनला फोन केला. लोरेन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, पेनॉबस्कॉट समाजातली आहे, सत्तरीची. ऑगस्टमध्ये मेन राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात मला आणि आईला दोन दिवस तिनेच फिरवलं. फरच्या झाडाचे कोवळे शेंडे, ज्युनिपरची फळं आणि दलदलीतल्या लॅब्राडोर टी नावाच्या झुडुपाची पानं. आईने त्यात धने, खोबरं, दगडफूल घालून गोड्या मसाल्यासारखं भाजलं. लेबलवर लोरेनच्या लोकांचं नाव नाही. तिनेच नको म्हटलं होतं — "काय घातलंय ते लिहा, आम्हाला विकू नका."

आज तिने एकच विचारलं. पानं उलटून पाहिली होती का?

लॅब्राडोर टीच्या पानाला खालून तांबूस लव असते, गंजासारखी. त्याच चिखलात, त्यातच गुंतून दुसरं झुडूप वाढतं, बॉग लॉरेल. त्याचं पान वरून तसंच, खालून पांढरं. ते विषारी. नाडी मंदावते.

आम्ही दोघींनी आपापल्या पिशवीत पानं तोडली होती; माझी मी पाहिली होती. एका झुडुपाच्या तीनपेक्षा जास्त फांद्या घ्यायच्या नाहीत, हे लोरेनचं सांगणंही पाळलं होतं.

आईला विचारलं. ती पोळ्या करत होती.

"पानं होय? अगं, काय बुरशी धरली होती खालून! जुन्या टूथब्रशने एकेक घासून काढली. तशी कशी घालणार मसाल्यात?"

खूणच घासून टाकली! तिच्या पिशवीत बॉग लॉरेल आलं असेल, तर आता उरलेल्या पानांवरून काही कळणार नाही. तमालपत्रसुद्धा ओल्या फडक्याने पुसून घेणारी बाई — मला आधीच सांगायला हवं होतं.

"लोरेन सांगत होती तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं?"

"तू ऐकत होतीस ना," आई म्हणाली.

दुपारी डॉक्टरांना बरणी नेऊन दिली. काकू बाहेरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ सप्टेंबर

मसाला नेलेल्या सगळ्यांना मेसेज पाठवला. बेचाळीस घरं. चार वेळा खोडून लिहिला. 'बरणी उघडू नका, मी न्यायला येते. आईच्या हातून पानं साफ करताना चूक झाली.'

पाठवण्याआधी आईला वाचून दाखवला. आठवीपर्यंत तिनेच मला घरी शिकवलं, आपली चूक आपण सांगायची हे पहिलीपासून. ती म्हणाली, "खरं असेल तर लिही."

२२ सप्टेंबर

लॅबचा रिपोर्ट आला. विष मसाल्यातच आहे. आणखी तीन घरी मळमळ झाली होती, त्यांनी पोटाचं दुखणं समजून सोडून दिलं.

काकांचं ऑपरेशन काल झालं. नाडी ठीक आहे. वॉकरशिवाय चालता येईल असं वाटत नाही म्हणे.

आईने घट बसवला नाही.

२६ सप्टेंबर

मंडळाच्या सलोनीचा फोन. दसऱ्याचा मसालेभात अकरा वर्षं आईकडे आहे. फोन स्पीकरवर होता.

"काकू, यंदा केटररलाच सांगितलंय. तुम्ही नुसत्या या ना, मस्त तयार होऊन."

"बरं झालं, मलाही दगदग नको होती," आई म्हणाली, आणि फोन ठेवून मिसळणाचा डबा घासायला घेतला. तो स्वच्छ होता.

२ ऑक्टोबर, दसरा

गेलो नाही. पिठलं-भात.

४ ऑक्टोबर

काकूंकडे गेलो. दार अर्धंच उघडलं. आईने पेज नेली होती. काकू म्हणाल्या, "नको सुनेत्रा. यांना भीती वाटते." डबा तसाच परत आणला. आई येताना एकदाच बोलली — "त्यांचं बरोबर आहे."

मला तिचा राग येत होता. तेही लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर

आई आज कपाट आवरताना सहज म्हणाली, "माझ्या पिशवीतली पानं घासून घासून बोटं सोलली होती बघ. तुझ्या पिशवीतली बरीचशी खालून पांढरी, स्वच्छ होती. ती तशीच घातली."

त्या गुंतलेल्या झुडुपांच्या दर जाळीतलं मी एक पान उलटलं होतं. एकच. मग फांद्या मोजत राहिले.

बेचाळीस घरी मी आईचं नाव कळवलंय.