देव उतरवून केलेलं अलाइनमेंट

वस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. चाकं जुळवायच्या तुमच्या दोरीच्या जागी आता कॉम्प्युटरचं मशीन आहे. तरी आज माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सकाळी राजुरीचे एक रिटायर गुरुजी आणि त्यांच्या बाई आल्या. जुन्या मिनीबसचं त्यांनी फिरतं घर करून घेतलंय. पलंग, शेगडी, मागे डाव्या कडेला पाण्याची मोठी टाकी, फळीवर घरचे देव. गाडी डावीकडे ओढत होती. "ह्यांना संसार कधी सरळ हाकता आला न्हाई, गाडी तरी कशी जाईल!" बाई म्हणाल्या. मला आत चढून बघायचं होतं आणि पायात ऑइलचे बूट. देवांसमोर तसं कसं चढू? म्हटलं, देव तेवढे उतरवा. देवांच्या मागोमाग बाईंनी धान्य, भांडी, सगळंच उतरवलं. सांडायला नको म्हणून टाकीही मोकळी केली. मी त्या रिकाम्या गाडीची चाकं जुळवली. पडद्यावर आकडे बरोबर आले, चाकापुढे नारळ फोडला. सामान चढलं, टाकी भरली आणि गाडी माळशेज घाटाकडे गेली.

हात धुताना तुम्ही आठवलात. ओतूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंचविशीतला मी रिकाम्या जीपला दोरी लावून बसलोय. तुम्ही दोरी ओढून फेकता. "मोकळी जीप कुणाच्या लग्नाला चाललीय का रं? धा-बारा माणसं कोंबून जाणार ती! आधी वजन चढव." मग सिमेंटच्या गोण्या मलाच वाहायला लावता.

गुरुजींना फोन लावला, लागेना. घाटाचं एकेक वळण डोळ्यांपुढे येत होतं, आणि तोंडातलं देवाचं नाव मध्येच तुटत होतं. सातव्या खेपेला गुरुजींनी उचलला.

"भाऊ, स्टिअरिंग लई हलकं लागतंय. पुढची चाकं जमिनीला टेकल्यात का नाय तेच कळंना."

"उतार लागला का गुरुजी?"

"अजून न्हाई. चहाला थांबलोय."

"किल्ली काढून ठेवा. एक नट आवळायचा राहिलाय. मी आलोच."

मोटारसायकलवर गेलो. गाडी हळूहळू मीच चालवत परत आणली. टाकी अर्धी केली, धान्याची पोती पुढे घेतली आणि गुरुजी-बाईंना जागेवर बसवूनच चाकं पुन्हा जुळवली. देवही फळीवरच होते. मी बूट काढून चढलो. आता ते घाट उतरून खाली पोचलेत, तसा फोन आला.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण नट एकही सैल नव्हता, वस्ताद. निघताना बाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. म्हणाल्या, "एका नटासाठी एवढ्या लांब कोण येतंय, राव?" मी मान खाली घालून ती खाल्ली.