होडी, डोलकाठी आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, तंत्रशाळेत लेथ शिकवून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबावाला मी जुमानत असते, तर यजमान आज सुखी असते.

१. राहतं घर यजमानांना. "होडीला सतरा सुधारणा, स्वयंपाकघरातला नळ मात्र गळका," हे वाक्य त्यांनी तीस वर्षं जपलं आहे. नळही त्यांनाच, गळतीसह.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. माझ्या आकृत्यांच्या वह्या अभियंता जावयांना. डोलकाठी जिच्यात उभी राहते ती लोखंडी बैठक मी जुन्या पलंगाच्या अँगलमधून घडवली, तेव्हा ते म्हणाले होते, "आई, हे हिशेबात बसत नाही." बैठक बसली. जावई अजून हिशेब करताहेत.

३. हत्यारं तंत्रशाळेला. "बाईच्या हाती लेथ देऊ नये" असा तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा शेरा पेटीच्या तळाशी आहे. कागद जाड आहे, तेल टिपायला उत्तम.

४. होडी माझ्या थोरल्या भावाला. इथे सविस्तर लिहिणं भाग आहे. त्या पलंगाच्या बैठकीआधी मी एक बनवली होती. ती भर दुपारी, भर पाण्यात उचकटली, डोलकाठी आडवी झाली आणि दादाचा खांदा मोडला. वाऱ्याचा झोत आला, असं मी सगळ्यांना सांगितलं. वारा बिचारा उलट बोलत नाही. दादाही नऊ वर्षं बोलला नाही.

मग एकदा वादळात त्याच्याच होडीची काठी, दुकानातल्या चकचकीत बैठकीसकट, पाण्यात गेली. मी माझ्या होडीतून दोर टाकून त्याला ओढत आणलं. वाटेत त्याने विचारलं, "तुझी कशी उभी राहिली?"

"बारा मिलिमीटरचा बोल्ट आहे."

"आणि त्या दिवशी?"

"आठचा."

"का?"

"हाताशी तोच होता."

बंदराच्या धक्क्याला होडी बांधताना तो म्हणाला, "एवढंच सांगायचं होतंस की." तर आता लेखी देते: दोष वाऱ्याचा नव्हता, माझा होता.

साक्षीदार म्हणून दादाच येणार होता. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हा होडी आपल्याला ठेवली आहे हे त्याला कळलं. "मला होडी नको," तो म्हणाला. "तू जायची घाई करू नकोस." आणि चहा तसाच ठेवून उठून गेला. कलम चार मी बदललेलं नाही.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ७ मार्च, शनिवार

सही: लेथबाई

साक्षीदार:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई (नाडी तपासून)
२. शिडं शिवणारा शिंपी (दादाच्या जागी)