खांबावरचा पाऊस

१ जून, शनिवार
फवाऱ्यांचा स्मार्ट कंट्रोलर बसवला. लागले अडीच तास. खोक्यावर पंधरा मिनिटं लिहिलंय, पण ते घाईगर्दीत काम करणाऱ्यांसाठी. दोन वायरी उरल्या. जास्तीच्या देत असावेत. जुना डायलवाला डबा कचऱ्यात.

२९ तारखेला टेसचं रिसेप्शन, मागच्या लॉनवर. दीडशे पाहुणे. पोरगी सात वर्षांची असल्यापासून सांगत आलीय, लग्नाची पार्टी करीन तर आपल्याच लॉनवर. लॉन हिरवंगार ठेवायची जबाबदारी मी घेतली आहे. त्यासाठी मधोमध खांब रोवून पाऊस मोजायचं यंत्रही लावलं. पाऊस पडला की ते कंट्रोलरला कळवणार, मग फवाऱ्यांना सुट्टी.
संकल्प: यंदा पाइपला हात लावायचा नाही.

५ जून
वाय-फाय गॅरेजातल्या कंट्रोलरपर्यंत पोचतच नव्हतं, त्यामुळे चार दिवस फवारे बंद. राउटर गॅरेजात हलवला. आता घरात नेट नाही. लरेनने विचारलं, मीही अंथरूण घेऊन गॅरेजात येऊ का? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं एवढं शिकलोय.

८ जून
लॉन पिवळट. घाबरण्यासारखं काही नाही. तात्पुरती सोय म्हणून संध्याकाळी अर्धा तास पाइप धरला. पाइप खांबापर्यंतच पोचतो.
(संकल्प मोडला नाही. नळ लरेनने सोडला.)

९ जून, सकाळी ६
अ‍ॅपवर निरोप: काल भरपूर पाऊस झाला, आजचं पाणी रद्द.
मी तर पाऊस पाहिला नाही. पण आपण झोपल्यावर बाहेर काय काय होतं ते आपल्याला कुठे कळतं? यंत्राला कळतं. यासाठीच तर घेतलं.

१३ जून
अ‍ॅपवर रोज पाऊस. आभाळात एक ढग नाही. हेल्पलाइनवरच्या बाईंनी रीसेट करायला सांगितलं. खात्रीसाठी तीनदा केलं. तेव्हापासून अ‍ॅप पोर्तुगीजमध्ये बोलतंय. शिकून घेईन. तोवर रोजच्यासारखा संध्याकाळी पाइप.

१७ जून
शेजारचा म्हातारा व्हर्ल कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. म्हणाला, काय रे गॉर्डन, त्या यंत्राला आंघोळ घालतोयस की पोहायला शिकवतोयस? एक्क्याऐंशीचा आहे. त्याला तंत्रज्ञान काय कळणार! हसून सोडून दिलं. माझा जुना डबा त्याने कचऱ्यातून उचलून नेला म्हणे. नेऊ दे बापड्याला.

२१ जून
लॉन वाळून पेंढ्यासारखं झालंय. फक्त खांबाभोवती गाडीच्या चाकाएवढं हिरवं वर्तुळ. म्हणजे यंत्राजवळचं गवत उत्तम वाढतंय. यंत्रात दोष नाही हे सिद्ध झालं.

२४ जून
लरेन म्हणते, वाळक्या गवताला हिरवा रंग मारून देणारे असतात, बोलावू का? साफ नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे.
संध्याकाळी टेस आली. मागच्या पायऱ्यांवरून लॉन पाहिलं. मग म्हणाली, डॅड, असू दे ना, फोटो जवळून काढू. पाऊण तास पाइप धरला.

२७ जून
रिसेप्शन व्हर्लच्या लॉनवर. मला न विचारता ठरलं. त्याचं लॉन गालिच्यासारखं आहे, आणि त्याला पाणी कोण देतं? माझा जुना डबा. म्हणजे एका अर्थी मीच. हे लरेनला सांगितलं. ती खुर्च्या मोजत राहिली.

२९ जून, दुपारी १
खुर्च्या मांडता मांडता व्हर्लने समजावून सांगितलं. पाइपचं पाणी खांबावरच्या यंत्रात उडतं, त्याला वाटतं पाऊस पडला, की दुसऱ्या दिवशीचे फवारे रद्द. म्हणाला, तुला हसत हसत सांगितलं होतं, तू नुसताच हसलास. मी म्हटलं, मीही त्याच निष्कर्षाला येत होतो.
खांब उपटला. फवारे रोज संध्याकाळी सहाला, काही झालं तरी चालू, असं सेट केलं. बहुतेक.

२९ जून, संध्याकाळी ८
टेस आणि मी नाचत होतो आणि आभाळ फाटलं. युटाच्या कोरड्या मुलखात, जूनमध्ये! पाहुणे तंबूत पळाले. बरोबर सहाला कुंपणापलीकडे माझे फवारे सुरू झाले. सगळे. फक्त दोन सोडून, ज्यांच्या वायरी उरल्या होत्या. धो धो पावसात, वाळक्या गवतावर. दीडशे माणसं बघत राहिली, कोणी हसेना. टेसने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, चाललं की, डॅड!

अजून चालूच आहेत. बंद करायचं बटण शोधतोय. अ‍ॅप पोर्तुगीजमध्ये आहे.