तीन वेढ्यांचा पट्टा

पुकारूमी, ४ मे १९९८

ती. एर्मेलिंदाताईस,
सा. न. वि. वि.

कोर्टात माझी उलटतपासणी झाली. लोकरवाल्या फोर्तुनातोने ट्रकमध्ये माझ्यावर बळजबरी केली, मग दुसऱ्या दिवशी मी बाजारात कशी बसले, असं त्याच्या वकिलाने दहादा विचारलं. मी म्हटलं, बटाटे काय माझ्यासाठी थांबणार होते?

तो म्हणतो, कमरपट्टा मी राजीखुशीने सोडला. मी सांगितलं, त्याने सुरीने कापला. पण कोर्टात जमा केलेला पट्टा दिसतो अख्खा! कापलेलं विणकाम घरात ठेवू नये म्हणून आईने त्याच संध्याकाळी धुऊन सांधला. तिचा हात तुला ठाऊकच आहे, सांधा शोधून सापडत नाही. आता मी खोटारडी ठरणार. आईला मात्र बोल लावला नाही.

लोभ आहेच, धीरही पाठव.
तुझी दोमितिला

आरेकिपा, ११ मे

चि. दोमितिलास,
अ. उ. आ.

बटाट्यांचं उत्तर मी इथे सगळ्या शेजारणींना ऐकवलं. आता डोळे पूस. पट्ट्याचे कमरेला तीन वेढे बसतात. अंगावर असताना सुरी फिरली तर तीन ठिकाणी तुटणार. आईने सांधे किती घातले, ते विचार. तिला साक्षीला उभी कर. स्पॅनिश येत नाही म्हणून लाजायचं कारण नाही, दुभाषी मागून घ्या.

लोभ ठेव, मान खाली घालू नकोस.
तुझी ताई

पुकारूमी, २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई साक्षीला उभी राहिली, तेव्हा फोर्तुनातोचा वकील म्हणाला, आई लेकीसाठी खोटं बोलणारच. आईने आपल्या केचुआ भाषेत शांतपणे सांगितलं, "खोटंच बोलायचं असतं तर इतकं छान सांधलं असतं का?" दुभाष्यालाही हसू आवरेना.

मग तिने डोळे मिटून बोटांनी तीन सांधे शोधून दाखवले. कोर्टातल्या शिपाईबाईने पट्टा माझ्या कमरेला गुंडाळला. तिन्ही सांधे डाव्या कुशीवर एकावर एक बसले. न्यायाधीशबाई उठून जवळ आल्या आणि त्यांनी एकेक सांधा बोटांनी चाचपून पाहिला.

काल निकाल लागला. फोर्तुनातोला बारा वर्षं.

आई रडली, नवा पट्टा विणते म्हणाली. मी नको म्हटलं. कोर्टाने परत दिला की हाच बांधून बाजारात बसणार आहे. ज्याला बघायचं त्याने सांधे मोजावेत.

बटाटे यंदा चांगले आलेत. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी दोमितिला