उसना आवाज

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? इकडे माझं डोकं ठिकाणावर नाही. सेटवरचा लाइटमन शिडीवरून पडून मेल्यापासून पेपरवाले दारातून हलत नाहीत. शिडी डुगडुगतेय असं तो सांगत असताना मीच त्याला हिणवून वर चढवलं, असा बोभाटा झालाय. रविवारी रेडिओवर फोनवरून माझा खुलासा आहे. बारा वर्षं पडद्यावर ओठ माझे हलतात नि आवाज तुझा येतो, हे निर्मात्यांशिवाय कोणाला ठाऊक? माझ्या घोगऱ्या आवाजात बोलले तर सगळंच उघडं पडेल. माझ्या नावाने सोबतचा कागद तेवढा वाच: मी तेव्हा सेटवर नव्हतेच. तू होतीस, पण तुला कोण विचारतंय!

नाही म्हणू नकोस. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

७ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कागद वाचला नाही. डोळ्यांनी पाहिलं तेच तुझ्या नावाने बोलले: तो नको म्हणाला, मी त्याला भित्रा म्हणाले, तो चढला. पुढे रडूच आलं. लहानपणी बरण्या तू फोडायचीस नि मार मी खायचे. पण हा माणूस होता गं. तुझी लाज वाटते, आणि माझीही. तू बुडालीस तर मीही बुडाले, मला दुसरं काम येत नाही.

आशीर्वाद आहेतच.

ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझा गळा दाबावासा वाटला. आता पाय धरावेसे वाटतात! दारात हारांचा ढीग पडलाय. एवढ्या मोठ्या मनाची नटी झाली नाही, असं छापून आलंय. तोंड फिरवलेले निर्माते परत आले, लाइटमनच्या बायकोने तक्रार मागे घेतली. तो हुंदका काय जमला होता तुला! शनिवारी डबिंग आहे. थंड पिऊ नकोस.

अशीच माया राहू दे.

ठमी

१९ जून

ठमे,

तो हुंदका जमवलेला नव्हता.

काल खरं सांगायला लाइटमनच्या घरी गेले. एकच खोली, त्याच्या चपला अजून दाराशी. त्याच्या फोटोशेजारी बाईंनी तुझा फोटो लावलाय. एकीने तरी चूक कबूल केली, त्या शब्दांवरच डोळा लागतो, असं म्हणाल्या. मी बोलले असते तर पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला असता नि तेवढाही आधार गेला असता. तासभर नुसता हात धरून बसले. निघताना त्या शेजारणीला म्हणाल्या, बिचारी मुकी दिसते.

शनिवारी येते. तुझ्यासाठी नाही. पडद्यावर आवाज बदलला तर त्यांना कळेल.

लोभाचं मात्र आता विचारू नकोस.

ताई