सोन्याच्या जमिनीवर तीन हिरवी पानं

मी, सीत्स्के रिन्स्मा, कै. वीब्रेन रिन्स्मा यांची विधवा, राहणार वेस्टरवर्ड, फ्रीसलँड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही असे नोटरीसाहेब म्हणाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ठेवण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते.

घर, परसबाग आणि बँकेतली शिल्लक नीन्केला मिळावी. नीन्के आमच्या पोटची नाही. ती पहिलीत असताना आम्ही तिला सांभाळायला घेतले आणि ती राहिली. तिचे आडनाव तिच्या वडिलांचे आहे. आम्ही ते बदलले नाही, कारण तिच्याजवळ त्यांचे दुसरे काहीच नव्हते.

वीब्रेनचे कुंचले, सोन्याचा वर्ख कापायची गादी आणि बोटींवर नावे रंगवताना हात टेकवायची काठी धक्क्यावरच्या बोटी रंगवण्याच्या कारखान्याला द्यावी. कुंचले जवसाच्या तेलात ठेवावेत. मी आजवर ठेवत आले आहे.

वीब्रेनचे स्केट्स त्याचा धाकटा भाऊ हिल्के याला द्यावेत. कालवा गोठला की दोघे भाऊ बरोबर निघत आणि हिल्के मागे पडला की वीब्रेन थांबे. घरी आल्यावर मात्र दोघेही सांगत, मीच थांबलो होतो.

आता कुलचिन्हाविषयी. याच्यावरून भांडण होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

हिल्केने एकदा जत्रेतून सिंहाची ढाल आणली. विकणाऱ्याने आडनाव विचारले, पुस्तक चाळले आणि "हा तुमचा सिंह" म्हणून दिली. मी लेवार्डनच्या अभिलेखागारात बसून शोध घेतला. जुनी कागदपत्रे वाचायला तिथेच शिकले. तो सिंह दुसऱ्याच रिन्स्मांचा निघाला. आपल्या खापरपणजोबांनी नेपोलियनच्या काळात, सगळ्यांना आडनाव नोंदवावे लागले तेव्हा, ते नाव घेतले. त्याआधी ते नुसते आपल्या बापाचे पोर म्हणून ओळखले जात, आणि दलदलीतून जळणाचे पीट खणत.

"वहिनी, तुला माझा सिंह बघवत नाही," हिल्के म्हणाला.

"सिंह छानच आहे रे," मी म्हटले, "फक्त दुसऱ्याचा आहे."

त्याने तो आपल्या दारावर ठोकला. अजून तिथेच आहे. असू दे. आमच्या थडग्यावर मात्र कोरू नये, एवढी विनंती.

मग वीब्रेनने एका लाकडी पाटीवर आमची स्वतःची ढाल रंगवली. निळ्या जमिनीवर तिपानी गवताची तीन हिरवी पाने. निळा आमचा कालवा, हिरवे आमचे कुरण. तीन का, असे मी विचारले नाही. टेबलाशी आम्ही तिघेच बसलो होतो.

कुलचिन्हांची नोंदणी करणारे गृहस्थ फार सभ्य होते. म्हणाले, "ढालीवर रंगावर रंग चालत नाही; सोनं-चांदी मात्र रंगात धरत नाहीत. लांबून ढाल ओळखू यायला हवी. पानं सोन्याची करा."

"सोन्याचं गवत?" वीब्रेन म्हणाला. "कुठली गाय खाणार ते?"

पण घरी येऊन त्याने वर्ख चढवला. चिन्ह त्याच्या आजोबांच्या वंशजांसाठी नोंदले गेले. म्हणजे हिल्केच्या मुलांचा त्यावर हक्क आहे, तो मी नाकारत नाही. नीन्केचा हक्क मात्र त्या नियमात बसत नाही.

वीब्रेनला पुरून आल्यावर सगळे कॉफीला बसले होते. हिल्के म्हणाला, "वहिनी, ती पाटी आता माझ्याकडं दे. तुमच्यात पुढं कोण आहे?" नीन्के त्याच्याच कपात कॉफी ओतत होती. कप भरला, बशी भरली, तरी ओतत राहिली. मग म्हणाली, "काका, साखर किती?"

हिल्केच्या प्रश्नाचे उत्तर आता लिहिते.

वीब्रेनच्या हातची पाटी नीन्केला मिळावी. घराणे संपले की ढाल उलटी टांगायची रीत होती; ही सरळ टांगावी. पानांवरचा वर्ख सुटत चालला आहे आणि खालचा हिरवा दिसतो आहे. कोणीही तो पुन्हा चढवू नये.

आणखी एक. वीब्रेन गेल्यावर मी कुलचिन्हांवरची पुस्तके वाचत बसे. दुसरे काही वाचवत नव्हते. तेव्हा कळले की रंगावर रंग चालत नाही, पण सोन्यावर चालतो. पाने हिरवीच ठेवून जमीन सोन्याची केली असती तरी नियम पाळला गेला असता. हे त्याला सांगायचे राहून गेले. आमच्याकडे कोणालाही स्वतःचे नवे चिन्ह घेता येते, ते दुसऱ्याचे नसले म्हणजे झाले. म्हणून नीन्केने आपल्या नावावर, आपल्या आडनावासह, ढाल नोंदवावी: सोन्याच्या जमिनीवर तीन हिरवी पाने. ती कुणाकडून आलेली नसेल. तिच्यापासून सुरू होईल. त्याचा खर्च मी बाजूला काढून ठेवला आहे.

माझ्या दफनानंतर साखरपाव द्यावा, लोणी हात न आखडता लावावे. त्याच वेळी हे मृत्युपत्र वाचावे. हिल्के रागावेल. त्याला शेगडीजवळची खुर्ची द्यावी आणि नीन्केने कॉफी द्यावी. साखर दोन चमचे. तिला माहीत आहे.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: सीत्स्के रिन्स्मा
साक्षीदार: १. आल्त्ये होल्वेर्दा, शेजारीण
२. रोमके बाउस्मा, धक्क्यावरचा रंगारी

वेस्टरवर्ड, ९ जून २०१६