साचा इटलीचा

चंद्रपूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मुबीनभाई,

अस्सलामु अलैकुम. अम्मीचा गुडघा कसा आहे? भाभीला माझा सलाम. धान निघायचे दिवस, म्हणजे तुझ्या वेल्डिंगच्या दुकानापुढे थ्रेशरची रांग लागली असेल. कामामुळेच तू फोन उचलत नसशील, असं मी आठवडाभर स्वतःला समजावते आहे.

पित्झेले आता छान जमतात. इटलीची ती पातळ, नक्षीदार बिस्किटं. अंडी, साखर, लोणी, मैदा आणि भरडलेली बडीशेप. तुझ्या साच्यात चमचाभर पीठ घालते, दांडे दाबून धरते, गॅसवर उलटसुलट करते आणि गरम असतानाच सोडवते. पहिलं अजूनही चिकटतं. ते मीच खाते, त्यामुळे माझं वजन विचारू नकोस.

मोबाइलवरचा एक फोटो पाहून तू पंधरा दिवस छिन्नीने ती नक्षी कोरलीस. डोळ्यात लोखंडाचा कण गेला, तेही मला भाभीकडून कळलं.

किती घोळवू? गेल्या रविवारी कॉलनीतल्या चौघी शिकायला आल्या होत्या. साच्याचं कौतुक सुरू झालं आणि मी बोलून गेले, "इटलीहून मागवला." वळून बघते तर दारात तू. साच्याची कडी ढिली झाली म्हणून मीच तुला बोलावलं होतं. हात काळे, शर्टाला ठिणग्यांची भोकं. त्यांच्यातल्या रीनाताईंनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणाले, "मिस्त्री."

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. कडी ठोकलीस, साचा दोनदा उघडून-मिटून पाहिलास आणि म्हणालास, "मॅडम, बसवून देली. माल बाहेरचा आहे, जपून वापरा." आणि निघालास. गोंडपिपरीहून आलास आणि मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेव्हा मला तुझी लाज वाटली होती, भाई. हेही लिहून टाकते, आता आणखी खोटं नको. आज स्वतःची इतकी वाटते की साचा हातात धरवत नाही.

काल ताटलीभर पित्झेले घेऊन रीनाताईंकडे गेले. चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, तो माझा सख्खा भाऊ आहे, साचा त्यानेच घडवला. वाटलं होतं, चकित होतील, दोन शब्द सुनावतील. त्या हळूच म्हणाल्या, "आम्हाले तेव्हाच समजलं होतं, इकरा. दोघांचे नाकडोळे एकच आहेत तुमचे. पण तोच मॅडम म्हणला, मंग आम्ही कायले बोलतो?"

म्हणजे तू आणि त्या चौघींनी मिळून माझी लाज राखलीत. मला मात्र माझ्याच घरात तुझी राखता आली नाही.

ये म्हणायला मला तोंड नाही. फोन तेवढा उचल, शिव्या द्यायला का होईना.

तुझी सख्खी बहीण,
इकरा